आतून कडी लावून आंघोळ

आमच्या घरात गरम पाण्याची धार बारीक झाली आहे हे कळायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्या घरात फिजिक्सची एक शिक्षिका राहते, डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या कॉलेजात ती अकरावीच्या वर्गाला द्रवाचा दाब शिकवते, आणि ती शिक्षिका मीच, हे आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर नवरा सांगेल, आणि तो रंगवून सांगतो.

सहा वर्षं लागली ती बादलीमुळे. वर्तकनगरातली आमची जुनी इमारत पाडून बिल्डरने नवी बांधली तेव्हा त्याने बाथरूममध्ये मोठ्या कौतुकाने शॉवर दिला. आम्ही त्या शॉवरवर ओले पंचे टाकले आणि खाली बादली ठेवली. आमच्याकडे सकाळी उठून कोणी आंघोळीला जात नाही, आधी 'बादली लावतात'. गरम पाण्याचा नळ सोडायचा, बाहेर येऊन चहा घ्यायचा, पेपर चाळायचा, मग बादली भरली का ते बघायला जायचं. पहिल्या वर्षी एका कपात बादली भरत होती. पुढे दोन कप लागायला लागले, मग तीन. नळाकडे कोणी बघितलं नाही, आम्ही चहा वाढवला. नवऱ्याला ॲसिडिटी झाली तेव्हा आम्ही डॉक्टर बदलला.

मग आई राहायला आली आणि आमचं बिंग फुटलं.

आई शहात्तर वर्षांची. मानपाड्याच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला तिने तीस वर्षं काढली आणि त्याहून जास्त वर्षं कळव्याच्या चाळीतल्या एका खोलीत. वडील गेल्यावर तिथे ती एकटीच राहत होती. या थंडीत मोरीपाशी पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, उजवा खांदाही दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, भरलेला तांब्या उचलायचा नाही. आंघोळीला खुर्चीवर बसवा आणि शॉवर सोडा, इतकं सोपं. आम्ही जाळीची प्लास्टिकची खुर्ची आणली, शॉवरवरचे पंचे काढले, आईला बसवलं आणि मी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

शॉवरच्या तीन भोकांतून पाणी ठिबकायला लागलं. थंडाचा नळ सोडला की छान सर यायची, गरमाचा सोडला की तेच ठिबकणं. आई परकर छातीशी बांधून खुर्चीत बसून वर बघत राहिली.

"हे काय," ती म्हणाली, "सलाईन लावलीस का?"

त्या दिवसापासून मी बादली भरून तिच्या अंगावर तांब्याने पाणी घालायला लागले. आमचं बाथरूम एवढं ऐसपैस की त्यात आईची खुर्ची, बादली आणि मी एवढं मावलं की दार लागत नाही. बिल्डरच्या माहितीपुस्तिकेत याच बाथरूममध्ये एक बाई दोन्ही हात पसरून उभी होती. ती बाई नक्कीच बाहुलीएवढी असणार. दार उघडं, म्हणून नवऱ्याला तेवढा वेळ गॅलरीत पिटाळायचं. तो तिथून दर दोन मिनिटांनी "झालं का" विचारायचा, आणि आई त्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायची. तिसऱ्या तांब्याला म्हणायची, "झालं, पुरे." अंगाला साबण तसाच असायचा. आठवडाभराने ती एक दिवसाआड आंघोळ करायला लागली, मग म्हणाली, "आज नको, अंग पुसते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कळव्याच्या त्या खोलीत मोरी होती ती चुलीच्या बाजूला, कोपऱ्यात, आणि मोरीला दार नव्हतं, पडदा होता. आईला कारखान्यातून गणवेशाची साडी मिळायची, आकाशी रंगाची, पॉलिस्टर मिसळलेली. ती साडी फाटायची नाही, विरायची नाही, तिचा फक्त कंटाळा यायचा. कंटाळा आला की तिचा मोरीचा पडदा व्हायचा. आम्ही घरात असलो की आई पडद्याआड, नुसतं पायावर पाणी घ्यावं तेवढ्या घाईने आंघोळ उरकायची. आमचं नवं घर झालं तेव्हा ती पहिल्यांदा बघायला आली आणि सगळं सोडून बाथरूममध्ये गेली. मी चहा टाकला तरी ती बाहेर येईना. आतून कडी लावायचा आणि काढायचा आवाज येत होता, पुन्हा लावायचा, पुन्हा काढायचा. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आतून लागते गं." आणि त्याच बाथरूममध्ये आता मी तिला दार उघडं टाकून आंघोळ घालत होते.

मार्चमध्ये एका सकाळी तिने मला समोर बसवलं.

"येत्या पौर्णिमेला मला विहारात जायचंय," ती म्हणाली. "न्हाऊन, माझं मी. पारोशी जाणार नाही आणि तुझ्या हातून तीन तांबे घेऊनपण जाणार नाही. इथं जमत नसेल तर मला कळव्याला सोड. तिथं पडदा ओढला की माझी मी मोकळी."

"तिथे गरम पाण्याचं पातेलं कोण उतरवणार? परत पडलीस तर?"

"पडेन नाहीतर पडणार नाही. तू मला एवढंच सांग, सोडतेस का रिक्षा करू?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी हायसं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. कॉलेज, पेपर तपासणं, तिची औषधं, तिचा व्यायाम, गॅलरीतला नवरा, यातून सुटका होईल असं मनात आलं. मग मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून मी सगळ्यांवर चिडायला सुरुवात केली. पौर्णिमेला सहा दिवस होते.

पहिला नंबर नवऱ्याचा. तो विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला कशातलंही सगळं कळतं. "काही नाही, लाइनीत एअर धरलीय," तो म्हणाला. "मागं ऑफिसात पण असंच झालेलं." त्याने घरातले सगळे नळ एकदम सोडले, पाच मिनिटं थांबला, सगळे एकदम बंद केले आणि लाटण्याने पाइप ठोकला. बाथरूमची एक टाइल सैल झाली. हवा काही निघाली नाही.

मग मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. तिघांनी 'आमच्याकडे पण' असं लिहिलं, एकाने गुलाबाचं फूल पाठवलं, एका काकूंनी शॉवर व्हिनेगरमध्ये बुडवायला सांगितलं आणि मग त्याच व्हिनेगरमध्ये गाजराचं लोणचं कसं घालायचं ते सांगितलं. सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्याला जावक क्रमांक असावा असं वाटतं. ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, टाकी एक आहे, पाणी एक आहे. आपल्याकडे थंड पाणी व्यवस्थित येत असेल, तर गरम पाणी ही आपली अंतर्गत बाब ठरते." मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

मग प्लंबर. सोसायटीत ज्याला सगळे बोलावतात तोच. त्याने चपला न काढता बाथरूमच्या दारातून गिझरकडे एकदा बघितलं.

"मॅडम, गिझर बदली करायला लागेल."

"कशावरून?"

"एक्सपिरियन्स."

मी त्याला विचारलं, पाणी चांगलं तापतंय, मग गिझर बिघडला कसा? तो म्हणाला, तापतं ते वेगळं, येतं ते वेगळं. मी म्हटलं, मग येत का नाही ते बघ. तो म्हणाला, तेच सांगतोय, बदली करा. मी त्याला दाब आणि प्रवाह यांतला फरक वीस मिनिटं समजावला. त्याने मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि एक नवा प्रेशरवाला शॉवर लावून दिला. आता थंड पाणी सुया टोचल्यासारखं यायला लागलं, आणि गरम पाणी तीनऐवजी पाच भोकांतून ठिबकायला लागलं.

मी स्वतः का बघितलं नाही, असं कोणीही विचारेल. मी शिकवते. शिकवणाऱ्या माणसाला वाटतं, एकदा फळ्यावर आकृती काढली की नळ आपोआप सुरू होतो. शिवाय माझ्याकडे तपासायला पेपर होते, आणि त्या पेपरांत साठ जणांनी दाबाची व्याख्या चुकवली होती, त्यांच्यावरही चिडायचं बाकी होतं.

रविवारी, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, मी जेवताना बिल्डरला, प्लंबरला, सेक्रेटरीला आणि पालिकेला ओळीने नावं ठेवत होते. आई ताटात भात कालवत होती.

"आमच्या लायनीला बाटल्या यायच्या बंद झाल्या," ती म्हणाली, "की सुपरवायझर असाच ओरडत बसायचा. मशिनीला, मेकॅनिकला, आम्हाला. आम्ही काय करायचो माहितीये?"

"काय?"

"पट्ट्याच्या कडेनं मागं मागं चालत जायचो. बाटल्या जिथपर्यंत आल्यात आणि जिथून पुढं नाहीत, तिथंच अडकलंय. त्याला शिकायला लागत नाही."

माझ्या नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही. तो इतका सभ्य क्वचितच असतो.

जेवण झाल्यावर आम्ही लायनीवर मागं मागं चालायला निघालो. आईची खुर्ची बाथरूमच्या दाराबाहेर ठेवली, ती सुपरवायझर. नवरा स्टुलावर, हातात पाना. मी खाली बादली घेऊन.

"शॉवर काढा," आई म्हणाली. काढला. उघड्या पाइपातूनही गरम पाणी करंगळीहून बारीक. म्हणजे शॉवर बिचारा निर्दोष, जुनाही आणि नवाही.

"स्वयंपाकघरात गरम येतं का?"

आमच्या सिंकलाही त्याच गिझरची जोडणी आहे. मी जाऊन बघितलं, तिथेही तेच. सहा वर्षं मी त्याच नळाखाली तुपाची भांडी धूत होते आणि साबणाला नावं ठेवत होते.

"म्हणजे दोन फाटे फुटतात त्याच्या आधीच," आई म्हणाली. मी हे वर्गात दोन तासिकांमध्ये सांगते.

गिझरचं बटण बंद केलं, आतलं पाणी निवू दिलं, मग नवऱ्याने गिझरमधून बाहेर येणारी नळी सोडवली. गिझरच्या तोंडातूनच पाणी बारीक येत होतं. नवरा म्हणाला, "बघ, प्लंबर बरोबर होता, गिझरच गेलाय."

"आत जाणारं बघितलंत का?" आईने विचारलं.

गिझरमध्ये थंड पाणी नेणारी एक वीतभर लांबीची नळी असते, आणि ती भिंतीतल्या छोट्या कॉकला जोडलेली असते. नवऱ्याने कॉक बंद केला, नळीचा नट सोडवला, आणि आई म्हणाली, "आता कॉक सोडा." त्याने सोडला. पाणी त्याच्या छातीवर एवढ्या जोरात बसलं की तो स्टुलावरून सरळ माझ्या बादलीत उतरला.

"इथपर्यंत आहे," तो बादलीतून म्हणाला.

"मग पुढच्या वितीत अडकलंय," आई म्हणाली.

मी नळी हातात घेतली. तोंडाशी रबराच्या चकतीखाली काहीतरी घट्ट बसलं होतं, तपकिरी, खडबडीत, क्षाराने कडक झालेलं. मी भुवयांच्या चिमट्याने ते ओढलं. ते सुटून बाहेर आलं, आणि त्याच्या आतल्या घडीत, जिथे क्षार पोहोचला नव्हता, तिथे आकाशी रंग दिसला.

मला सगळं आठवलं, आणि अगदी नको तितकं स्पष्ट आठवलं.

नव्या घरात राहायला आलो तेव्हा टाकीतून बांधकामाची रेती यायची. सगळ्यांचे नळ चोंदत होते. मी म्हटलं, गिझरमध्ये रेती जाता कामा नये, आणि गिझरच्या नळीच्या तोंडाशी दुपदरी फडकं बसवायचं ठरवलं. तेव्हाचा प्लंबर म्हणाला होता, "मॅडम, असं नाय करत कोणी." मी त्याला गाळण्याचं तत्त्व शिकवलं. त्याने ऐकून घेतलं, फडकं बसवलं, आणि जाताना म्हणाला, "महिनाभरानं आठवणीनं काढा." मी "हो हो" म्हणाले, जसं विद्यार्थी मला म्हणतात. बिल्डर, सेक्रेटरी, प्लंबर, पालिका, टाकी, यांतलं कोणीही काहीही केलं नव्हतं. गरम पाणी मी बंद केलं होतं.

मी ते मुठीत धरलं.

"काय निघालं?" नवऱ्याने विचारलं.

"कचरा."

"बघू," आई म्हणाली आणि डावा हात पुढे केला. शाळेत असताना चिठ्ठी पकडली की बाई हात पुढे करायच्या, तसाच. मी मूठ उघडली. आईने तो गोळा घेतला, नखाने क्षार खरवडला, खिडकीच्या उजेडात धरला.

"कंपनीची साडी आहे ही."

मी चिमटा पुसायला घेतला.

"हा मोरीचा पडदा आहे आपला. मी नवा लावला तेव्हा जुना तू फडक्यांना म्हणून घेऊन गेलीस."

नवऱ्याने ओला शर्ट पिळायचं काम हाती घेतलं. त्याच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस होता आणि त्याला हसता येत नव्हतं.

"बी.एस्सी. झालीस," आई म्हणाली, "तेव्हा माझ्या नळाचं फडकं सोडून फेकलं होतंस. अडाणी लोक बांधतात म्हणालेलीस. त्यात जंतू होतात म्हणालेलीस."

"हो."

"मी ते रोज संध्याकाळी सोडून धुवायचे. उन्हात वाळवायचे. सकाळी परत बांधायचे. तू बांधलंस आणि विसरून गेलीस."

ती रागावून बोलत नव्हती. पॅकिंगच्या टेबलावर खराब बाटली बाजूला काढतात तेवढ्याच सहज बोलत होती. पण मला ते फक्त फडक्याबद्दल वाटलं नाही. वर्तकनगर ते कळवा, मधे एक खाडी, पूल ओलांडला की पोहोचले. वडील गेल्यावर मी तिला फोन घेऊन दिला, औषधांचा डबा भरून दिला, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निश्चिंत झाले. ती पडली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं, कारण मधले दोन दिवस मी फोनच केला नव्हता. त्या दोन दिवसांबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. हे मी वर्गात सांगत नाही, घरीही सांगत नाही, इथे लिहिते आहे.

नळी साफ करून बसवली. नवऱ्याने गरमाचा नळ सोडला आणि शॉवरमधून पाणी धो धो आलं. एका कपाचासुद्धा वेळ न घेता बादली भरली.

पौर्णिमेच्या सकाळी आई काठी टेकत बाथरूममध्ये गेली. खुर्ची आत होती, साबण हाताशी, नळ तिला बसल्या जागेवरून फिरवता येत होता. मी मागोमाग आत पाय टाकला तेव्हा तिने काठी आडवी धरली. मी बाहेर आले. दार लागलं. आतून कडी लागली.

मग पाण्याचा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. नवरा खांद्यावर पंचा टाकून ताटकळत होता. अर्धा तास झाला, गिझरचं पाणी एकदा संपून पुन्हा तापलं असणार, कारण मधे आवाज बंद झाला आणि परत सुरू झाला. मी दाराला कान लावून उभी होते.

"दाराशी कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी. पडलीस तर म्हणून."

"पडले तर हाक मारीन. जा तू."

नवरा त्या दिवशी पारोसाच ऑफिसला गेला. आई बाहेर आली ती ओल्या केसांनी, चेहरा लालसर झालेला. इतकी निवांत मी तिला दवाखान्याच्या आधीही बघितली नव्हती. पांढरी साडी नेसवायला तिने मला बोलावलं, कारण खांदा अजून वर जात नव्हता. तेवढं तिला चाललं. मी निऱ्या घातल्या आणि जे विचारायचं होतं ते खाली बघत विचारलं.

"विहारातून तुला कळव्याला सोडायचं का इथेच आणायचं?"

आईने वरून माझ्याकडे बघितलं.

"तुला घाई आहे का?"

'कळव्याला सोड' म्हणाली त्या सकाळचं माझं हायसं वाटणं तिने तेव्हाच बघितलं होतं. तीस वर्षं ओळीने बाटल्या तपासलेल्या बाईच्या नजरेतून काय सुटणार होतं? मला रडू आलं, आणि तोंडात सेफ्टी पिन होती म्हणून नीट रडताही येईना.

"नाही," मी म्हणाले.

"मग येताना साबण आण माझ्यासाठी. तुमचा फार वासाचा आहे."

ती अजून आमच्याकडेच आहे. रोज सकाळी काठी टेकत जाते, दार लावते, आतून कडी घालते. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत असते, पण पाण्याचा आवाज बंद होईपर्यंत बाहेर उभी राहते, दारापासून दोन पावलं लांब, फटीतून माझी सावली आत दिसणार नाही अशी.

आतून आवाज येतोच. "जा म्हटलं ना."